शेतकऱ्याच्या घरात एक तरी वकील हवा

टिटवाळ्याच्या महागणपतीला गर्दी होते ती संकष्टीला, अंगारकीला. कल्याणच्या तहसील कचेरीतली गर्दी मात्र तिथी पाहत नाही. गोवेली, म्हसकळ, फळेगाव, रायते, खडवली या भागातला शेतकरी तिथे बारमाही उभा असतो. कोणाचा फेरफार अडलेला, कोणाच्या बांधावरून वाट बंद झालेली, कोणाच्या आजोबांचे नाव सातबाऱ्यावर अजून तसेच. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात घडी घालून घालून फाटायला आलेले कागद. त्या कागदांत काय लिहिले आहे हे विचारले, की उत्तर ठरलेले : ‘‘आमच्या माणसाला माहीत आहे.’’ हा ‘आमचा माणूस’ म्हणजे बहुतेक वेळा दलाल.

माझे काम भाताचे बियाणे, भेंडीवरची कीड, ठिबकचे अनुदान यांचे. पण शिवारात बांधावर बसले की दहातली चार-पाच बोलणी जमिनीच्या कज्ज्यांवर जातात. म्हणून या वेळी पीकपाणी बाजूला ठेवून एका वेगळ्याच विषयावर लिहितो आहे. आपल्या मुलामुलींना कायद्याच्या शिक्षणात काय वाटा आहेत, पैसा कुठून उभा राहील आणि पुढे पोटापाण्याचे काय, हा तो विषय.

हा विषय शेतीपासून लांबचा आहे असे कोणी म्हणू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्या याच माणसाने १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कोकणातली खोती मोडण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या अधिनियमाने. विदर्भातल्या पापळ गावच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख हेही बॅरिस्टरच, आणि १९५२ पासून दहा वर्षे दिल्लीत शेतीचे खाते त्यांच्याकडे होते. त्यांच्या नावाने आज राज्य सरकारची एक योजना चालते आणि ती नेमकी अल्पभूधारकांच्या मुलांसाठी आहे. तिच्याकडे येतोच.

आधी प्रवेशाचे. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा असे दोन अभ्यासक्रम आहेत. दोन्हींना राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. बी.एस्सी. कृषी झालेल्यांना तीन वर्षांची वाट खुली आहे, हे कृषी पदवीधरांनाच ठाऊक नसते. माझ्यासारख्या नुसत्या पदविकाधारकाला ती वाट नाही. तिथे पदवीच लागते.

‘घरबसल्या एलएलबी’ अशी जाहिरात कुठे दिसली तर तिच्या नादी लागू नका. पत्राद्वारे घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. महाविद्यालयाला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे की नाही हे फी भरण्याआधी पाहावे, नंतर पाहून उपयोग नाही. टिटवाळ्याच्या मुलाला ठाण्यात आणि मुंबईत महाविद्यालये आहेत. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय तर १८५५ चे, आणि १९३५ मध्ये स्वतः बाबासाहेब तिथे प्राचार्य होते. टिटवाळा लोकलचा विद्यार्थी सवलतीचा पास काढला की प्रवासाचा खर्च आवाक्यात राहतो. गर्दीत उभ्याने पुस्तक वाचायची सवय मात्र करावी लागते.

आता पैशाचे. इथेच घरोघर गाडी अडते. ‘‘एवढी फी कुठून आणायची?’’ हे विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी महाडीबीटीचे संकेतस्थळ उघडूनही पाहिलेले नसते.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत खुल्या गटातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. मुलींच्या बाबतीत सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने मोठेच पाऊल टाकले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट एकच महत्त्वाची : प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली की ही सवलत गेली. गावात आजही ‘मुलीला कशाला वकिली’ म्हणणारे भेटतात. त्यांना एवढेच सांगावे, की भावाच्या शिक्षणाला निम्मी फी लागेल, बहिणीच्या शिक्षणाला ती लागणार नाही.

अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयं आणि इतर मागास व भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुरबाड-शहापूरकडच्या कातकरी, ठाकूर, वारली मुलांपर्यंत ही माहिती पोहोचायला हवी. वनहक्काचे दावे ज्यांचे पडून आहेत त्यांच्यातूनच वकील निघाला तर त्या दाव्यांची कळकळ वेगळी राहील.

आणि वर म्हटलेली डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना राहण्या-जेवण्यासाठी हा भत्ता मिळतो. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरांपर्यंत जमीन, मोकळ्या भाषेत पाच एकर. आपल्या भागात भाताची खाचरे असणाऱ्यांपैकी कितीजण याच्या वर असतील? पण तहसीलदारांचा अल्पभूधारक दाखला लागतो, आणि तो मिळायला सातबारा व आठ-अ वर वडिलांचे नाव लागते. नाव आजोबांचेच असेल तर वारसाची नोंद आधी. म्हणजे कायदा शिकायला जाण्याआधीच पोराचा कायद्याशी संबंध येतो. एका अर्थी तो पहिला धडाच.

नोकऱ्यांकडे वळण्याआधी ‘क्लार्क’ या शब्दाचा घोळ मिटवतो. मागे एका शेतकऱ्याने मला विचारले होते, ‘‘साहेब, एवढे शिकून पोरगा क्लार्कच होणार असेल तर वकिली शिकवून काय फायदा?’’ न्यायालयात दोन तऱ्हेचे क्लार्क असतात. एक म्हणजे आपला नेहमीचा कनिष्ठ लिपिक, कायम नोकरीतला. त्याला कायद्याची पदवी लागत नाही, कोणतीही पदवी आणि टंकलेखन लागते. राज्यातल्या जिल्हा न्यायालयांत डिसेंबर २०२३ मध्ये लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई मिळून ४,६२९ जागांची भरती निघाली होती. दुसरा म्हणजे ‘लॉ क्लार्क’. हा न्यायमूर्तींच्या हाताखाली संशोधन करतो, जुने निवाडे शोधून देतो, प्रकरणाचे टिपण काढतो. मुदत ठरावीक, पण शिकायला मिळते ते दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जाहिरातीत अशा कामाला दरमहा ८० हजार रुपये मानधन दिले होते, आणि शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांनाही अर्ज करता येत होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या त्याच वर्षीच्या जाहिरातीत ६४ जागा होत्या आणि मानधन ६५ हजार. तिथे मात्र कायद्याची शेवटची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात ५५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेली लागत होती. म्हणून पहिल्या वर्षापासून ‘केटी’ लागू न देणे हाच खरा क्लार्कशिपचा अभ्यास. इंग्रजीही लागते, तिथे डोळेझाक चालणार नाही.

या कामाला आता आणखी वजन आले आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. पूर्वी चांगले गुण असलेला नवा पदवीधर थेट बसू शकत होता. पण लॉ क्लार्क म्हणून केलेले काम या तीन वर्षांत धरायचे, असेही त्याच निकालात आहे. आपल्या राज्यात ही परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. अर्ज करताना त्या वेळच्या जाहिरातीतली अट बारकाईने वाचावी, कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये.

सगळ्यांनाच लॉ क्लार्कची जागा मिळणार नाही हे उघड आहे. बाकीच्यांनी सनद घ्यायची आणि कोणा ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करायची, हाच जुना रस्ता. सनदेचा खर्च पूर्वी डोईजड होता. कित्येक राज्यांत पंधरा हजारांच्या वर रक्कम घेत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्यात आहे तेवढेच घ्या : सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपये. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, तिचे शुल्क निराळे.

खरी अडचण पुढची दोन-तीन वर्षे. उमेदवारी करणाऱ्याला पैसे मिळतातच असे नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावे असे सुचवले. पण ती सूचना आहे, सक्ती नाही. शहरातल्या मुलाला बाप सांभाळतो, आपल्याकडे बापच मुलाकडे डोळे लावून बसलेला असतो. कितीतरी हुशार पोरे या खड्ड्यात पडून कंपनीत सुपरवायझर झालेली मी पाहिली आहेत. सरकारने शिक्षणाची फी भरली, पण या दोन-तीन वर्षांकडे नीट पाहिले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर हाताला काम कसे मिळवायचे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येते, कायद्याचे विद्यार्थीही ते करू शकतात आणि कामाच्या दिवसांचे मानधन मिळते. गरीब आरोपींचा बचाव करण्यासाठी २०२२ पासून जी लोकअभिरक्षक कार्यालये निघाली, तिथे सहायकाच्या जागेला नवख्या वकिलांनाही वाव आहे. बँका कर्ज देताना तीस वर्षांचा शोध अहवाल मागतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसून जुने दस्त चाळणारा, मोडी नाही तरी जुन्या फेरफारांची भाषा समजणारा तरुण या कामात लवकर उभा राहतो. सातबारा, आठ-अ, कुळकायद्याची ३२-ग ची नोंद, गुणाकार बुक हे ज्याने लहानपणापासून घरात ऐकले आहे, त्याला शहरी मुलापेक्षा इथे जास्त कळते. शिवाय १९९८ पासून राज्यातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. सरकारी बँकांच्या विधी अधिकाऱ्याची परीक्षा आहे, सैन्याच्या न्याय विभागात थेट अधिकारी होता येते. सरकारी कार्यालयांत विधी अधिकाऱ्याच्या कंत्राटी जागाही अधूनमधून निघतात.

पण टिटवाळ्यापुरते बोलायचे तर काम दारात येऊन उभे आहे. कल्याणचा रिंग रोड टिटवाळ्यापर्यंत येतो आहे, पलीकडे भिवंडीतल्या आमण्यापासून समृद्धी महामार्ग निघाला आहे. जमिनी गेल्या, जात आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने झालेला मोबदल्याचा निवाडा मान्य नसेल तर कलम ६४ खाली अर्ज करता येतो, आणि निवाड्याच्या वेळी शेतकरी समोर हजर असेल तर त्याला सहा आठवडेच मिळतात. हे सहा आठवडे भाऊबंदकीत कसे जातात ते मी सांगायला नको. डोंबिवली परिसरातल्या ६५ बेकायदा इमारतींचे प्रकरणही ताजे आहे. खोट्या परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या त्या इमारती पाडण्याचा आदेश २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दिला. घर घेण्याआधी कागद पाहणारा माणूस मिळाला असता तर किती संसार वाचले असते!

माझ्या खात्यातले एक उदाहरण देतो. बियाणे उगवले नाही तर शेतकरी कपाळाला हात लावतो आणि दुबार पेरणी करतो. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात निर्वाळा दिला आहे, की सदोष बियाण्यासाठी शेतकऱ्याला ग्राहक न्यायालयात भरपाई मागता येते. त्यासाठी पावती, पिशवी, तिचा टॅग आणि मूठभर बियाणे जपून ठेवायचे, तालुका तक्रार समितीकडे लगेच लेखी अर्ज देऊन पंचनामा करून घ्यायचा. पंचनामा आम्ही करू. त्यापुढची बाजू मांडायला लागतो तो वकील, आणि एवढ्याशा रकमेसाठी शहरातला वकील खडवलीपर्यंत येत नाही.

जाता जाता तीन सूचना. पुस्तके जुन्या बाजारातून घेताना जपून. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले, तेव्हा या विषयांची त्याआधीची पुस्तके परीक्षेला कामाची नाहीत. बँक खाते आधारला जोडलेले असू द्या, नाहीतर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही खात्यात पडत नाही. आणि उत्पन्नाचा, अल्पभूधारकाचा, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला जून उजाडायची वाट न पाहता एप्रिलमध्ये काढा. जात पडताळणी बाकी असेल तर त्याहूनही आधी अर्ज करा. जूनमध्ये सेतू केंद्रावर अख्खा तालुका रांगेत असतो, आणि तेव्हा आपल्याला भाताची रोपे टाकायची असतात.