घराचे वजन आणि पेटीतले कागद

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली होती. काही सेकंदांत किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावे भुईसपाट झाली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा आपला धाराशिव, या दोन जिल्ह्यांत शासकीय आकड्यांप्रमाणेच ८,००० च्या आसपास माणसे गेली. त्यानंतर पाऊस कोसळला आणि ढिगाऱ्यात जे उरले होते तेही भिजले.

जमीन हलली म्हणून फारसे कोणी मेले नाही. मेले ते भिंत आणि माळवद अंगावर पडून. आपल्याकडची जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड असते, म्हणून ती मजबूत वाटते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसून दोन असतात. आतून एक दगडी थर, बाहेरून एक, मध्ये माती आणि गोटे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत घातलेलाच नव्हता. हादरा बसताच थर फुगून सुटे झाले. वर माळवद. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही. मी हिशेबाचा माणूस, म्हणून हिशेब मांडतो. दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली, वर दीड फूट माती. ही झाली सव्वादोनशे घनफूट. एका घनफुटाला सुमारे ४५ किलो धरा. म्हणजे शंभर क्विंटल, सिमेंटची दोनशे पोती! त्याखाली लेकरे घेऊन आपण झोपत होतो.

ज्यांना माळवद बांधायची ऐपत नव्हती, ज्यांची घरे कुडाची, छपराची किंवा पत्र्याची होती, त्यांतली पुष्कळ माणसे वाचली. गरिबीने कोणाचा जीव वाचवल्याची अशी उदाहरणे थोडीच.

आजही जुन्या वाड्यात किंवा माळवदाखाली राहणारी कुटुंबे आहेत. त्यांनी निदान वरची माती कमी करून घ्यावी. भिंतीत जागोजागी आरपार दगड किंवा काँक्रीटचे बंध घालावेत आणि लाकडी खणाच्या कोपऱ्यांना तिरपे आधार द्यावेत. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात हेच शिकवले गेले. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणले. घर कसे मजबूत करायचे आणि मदतीचा पैसा कुठे खर्चायचा, हे त्या इतर बायकांना समजावून सांगू लागल्या. नवे घर बांधणाऱ्याने मिस्त्रीला एकच प्रश्न विचारावा: जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटचा पट्टा आहे का? पट्टा सलग नसेल तर नुसता स्लॅब चांगला आहे म्हणून समाधान मानू नका. पत्र्याचे घर असेल तर पत्र्यावर दगड ठेवू नयेत. वादळात पत्रा उडतो, हादऱ्यात दगड खाली येतो. हुक आणि नटबोल्टला फार खर्च येत नाही.

घराइतकीच दुसरी गोष्ट कागदांची. भूकंपानंतर पुनर्वसनाची घरे जमिनीच्या मापाने मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. आपल्या समाजातल्या बहुसंख्यांच्या वाट्याला काय आले असेल ते सांगायला नको. हे माप न्याय्य होते असे मला वाटत नाही. भूमिहीनाच्या घरातही पाच-सहा माणसेच असतात. पण त्या २५० चौरस फुटांसाठीसुद्धा नाव कुठेतरी लिहिलेले असावे लागते.

आपली घरे पुष्कळदा गायरानावर, नाहीतर आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली तरी वारस नोंद नाही. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा घर तुमचे कशावरून, हा प्रश्न पहिला असतो. म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा, घरपट्टीची पावती, वीजबिल आणि शिधापत्रिका एका नावाने जुळतात का ते आजच पहा. एकीकडे 'भिमा', दुसरीकडे 'भीमराव', एवढ्यावरही अर्ज परत येतात. वारस नोंद राहिली असेल तर सुखाच्या दिवसांत करून घ्यावी.

एक कागद मात्र गेला की सहज परत मिळत नाही. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुना जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा हाच मुलांच्या शिष्यवृत्तीचा आणि नोकरीचा आधार. तो कित्येक घरांत गादीखाली किंवा फोटोच्या चौकटीमागे असतो! मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे. खताच्या गोणीतली आतली पिशवी स्वच्छ धुवून वाळवली तरी चालते. मग ती पेटीत ठेवावी. झेरॉक्सचा एक संच पुण्या-मुंबईला असलेल्या भावाकडे किंवा दुसऱ्या गावच्या मावशीकडे असू द्यावा. मोबाईलमध्ये फोटो काढावेतच, पण मोबाईलही घरासोबत जाऊ शकतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर कागद कुलपात सोडून जाऊच नये.

हे फक्त भूकंपापुरते नाही. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यात शेते खरवडून गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परांडा भागात पुराचे पाणी वस्त्यांत शिरले आणि माणसांना बचाव पथकांनी बाहेर काढले. लोखंडी पेटी जमिनीवर असेल तर पुरात तीच आधी भरते. पावसाळ्यात ती उंचावर, पण झोपण्याच्या जागेवर कधीही नको.

माताभगिनींसाठी आणखी थोडे. उशाशी उतरंड, भांड्यांची मांडणी किंवा जड माळा नसावा. दाराची कडी अंधारात लहान मुलालाही काढता यावी. बॅटरी आणि चपला हाताशी असाव्यात. भूकंपानंतर अनवाणी पाय काचांवर पडतात. बाहेर पडताना वेळ मिळाला तर गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. हादरे थांबेपर्यंत भिंतीजवळ उभे राहू नये. शेजारणीला आपल्या घरात कोण कुठल्या कोपऱ्यात झोपते हे ठाऊक असू द्या. ढिगारा उपसताना नेमके तेच विचारले जाते. सर्वांनी कुठे जमायचे हे आधी ठरवा; विहाराचे मोकळे आवार बरे, फक्त भिंत आणि विजेचा खांब सोडून. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी क्लोरीन घातल्याशिवाय किंवा उकळल्याशिवाय पिऊ नये. वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नये.

आणि बँकेत खाते असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू आहे का विचारा. वर्षाला २० रुपये कापले जातात, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, पूर-भूकंपातला मृत्यूही त्यात धरतात. वारसदाराचे नाव लिहिलेले आहे का, तेही पासबुक घेऊन एकदा बघून या. घरच्यांना विम्याची माहितीच नसेल तर मागायला कोण जाणार? मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७, हे तीन आकडे दाराच्या आतल्या बाजूला खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.