हात वाळतो, तेव्हा नस पाहावी

समजा, रोह्याजवळच्या वरसे गावातले एक गृहस्थ धाटावच्या कारखान्यात कामाला आहेत. कुलपात किल्ली फिरवताना त्यांच्या उजव्या हाताचा जोर कमी पडू लागतो. बधिरपणा नाही, वेदना नाही. पण हळूहळू पंजा वाळत जातो.

अशा वेळी दोन आजारांचा संशय येतो. पहिला 'मोटर न्यूरॉन डिसीज'. यात स्नायू हलवणाऱ्या, मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशीच मरतात. तो पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. दुसरा 'मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी'. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूवर, म्हणजे आपण जिला नस म्हणतो तिच्यावर, उलटते आणि संदेश वाटेत अडतो. हा आजार दुर्मिळ. पण शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास बहुतेकांच्या हातात जोर परततो. म्हणूनच इथे निदान चुकणे परवडत नाही.

नसांच्या विद्युत तपासणीत हा अडथळा सापडतो. पण तो खांद्याजवळ खोल असेल, तर निसटूही शकतो. तिथे सोनोग्राफी उपयोगी पडते. दुसऱ्या आजारात दंडातली किंवा मानेजवळची नस बहुधा जागोजागी जाड दिसते. पहिल्यात ती नेहमीएवढी किंवा बारीक असते. एमआरआयचीही मदत होते. मात्र जाड नस कुष्ठरोगातही आढळते. तिथे बहुधा त्वचा बधिर असते. तेव्हा नुसत्या चित्रावर निकाल देता येत नाही. रुग्णाला तपासावेच लागते.

तर मंडळी, हात वाळू लागला, तर मालिश करण्यात महिने घालवू नका. वेळीच मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.