गोल्फ : डोंगराळ व शुष्क मैदानावरील डावपेच

डोंगरउतारावर व अल्प पर्जन्याच्या प्रदेशात आखलेल्या मैदानावर गोल्फ खेळताना अंतर, दिशा व चेंडू उतरण्याची जागा यांची करावयाची योजना. सपाट, भिजवलेल्या मैदानावर भरकटलेला चेंडू उंच गवतात पडतो व बहुधा पुन्हा मारता येतो; शुष्क डोंगरावर तो दगडांत व काटेरी झुडपांत हरवतो. म्हणून येथे जोरापेक्षा जागेची निवड महत्त्वाची ठरते.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. उघडा बेसाल्ट, मुरूम, बाभूळ व निवडुंग ही तेथील माळरानाची लक्षणे होत. अशा भूमीवर संपूर्ण मैदान हिरवे ठेवणे पाण्याच्या दृष्टीने परवडणारे नसते. भारताच्या कोरड्या भागांतील अनेक मैदानांवर पूर्वी खळग्याभोवती हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात केवळ टी, उतरण्याचे पट्टे व ग्रीन एवढेच भिजवून मधली वाळवंटी भूमी तशीच ठेवण्याची पद्धत रूढ झाली. स्कॉट्सडेल येथील, जॅक निक्लॉस यांनी आखलेले डेझर्ट हायलँड्स (१९८३) हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. अशा मैदानावरील खेळ म्हणजे एका हिरव्या बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणे होय.

अंतर : पत्रकावरील अंतर व प्रत्यक्ष खेळावयाचे अंतर यांत फरक पडतो. ग्रीन १० मी. खाली असल्यास अंतर सुमारे १० मी. कमी व तितकेच वर असल्यास अधिक धरावे, हा स्थूल नियम. उंचीवर हवा विरळ असते; अहमदनगर शहराच्या सुमारे ६५० मी. उंचीवर २०० मी.चा फटका समुद्रसपाटीपेक्षा सु. ५ मी. अधिक जातो. दरीतील टीवर वारा जाणवला नाही, तरी चेंडू कड्याच्या वर गेल्यावर तो वाऱ्यात सापडू शकतो. म्हणून शेंड्यावरील झाडे व ध्वज यांची हालचाल पाहावी.

पवित्रा : चेंडू पायांपेक्षा उंच असल्यास उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका डावीकडे व खाली असल्यास उजवीकडे वळतो, त्यानुसार नेम बदलावा. चढावर चेंडू उंच उडून आखूड पडतो, म्हणून अधिक अंतराचा क्लब घ्यावा. उतारावर तो कमी उंचीने जाऊन अधिक घरंगळतो.

भूमी व ग्रीन : कठीण भूमीवर चेंडू उसळून उताराकडे धावतो. यास्तव आडव्या उताराच्या वरच्या बाजूस व ग्रीनच्या अलीकडे तो उतरवणे हितावह असते. डोंगराच्या पार्श्वभूमीमुळे ग्रीनचा उतार ओळखण्यात डोळा फसतो. पावसाचे पाणी कोणत्या बाजूने वाहून जाईल, याचा विचार केल्यास खरा कल समजतो. हरळीच्या ग्रीनवर गवताच्या पात्यांच्या दिशेने चेंडू वेगाने, तर विरुद्ध दिशेने मंद जातो.

सुटका : चेंडू हरवल्याची शंका असल्यास पुढे जाण्यापूर्वीच तात्पुरता दुसरा चेंडू मारावा, २०१९ च्या नियमांनुसार शोधासाठी ३ मिनिटेच मिळतात. वेगळी खूण नसलेली वाळवंटी भूमी म्हणजे बंकर नव्हे. तेथे क्लब जमिनीस टेकवता येतो. खडकात अडकलेला चेंडू न खेळण्याजोगा ठरवून एक दंड फटका स्वीकारता येतो. त्यात हानी एका फटक्यापुरती मर्यादित राहते. दगडावरून मारण्याच्या हट्टात फटके वाढतात, क्लब मोडतो, मनगटही दुखावते. खडकाळ माळावर फुरशासारखे विषारी साप असतात, म्हणून झुडपात वा दगडांच्या फटीत हात घालू नये.

सारांश, प्रत्येक फटक्यापूर्वी चेंडू चुकल्यास कोणत्या बाजूस चुकलेला परवडेल हे ठरवून त्यानुसार नेम व क्लब निवडणे, हे या खेळातील मुख्य सूत्र होय. सर्वांत लांब फटका मारणाऱ्यापेक्षा पुढील फटका सपाट हिरवळीवरून खेळावयास मिळेल अशी तजवीज करणारा खेळाडू अशा मैदानावर बहुधा सरस ठरतो.