हजची तयारी : वही आधी, बॅग नंतर

हजचा नंबर लागल्याची खबर आली की घरात पहिली धावपळ सुरू होते ती बॅगांची. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी बरेच जण मुलामुलींची लग्ने उरकून, पन्नाशी-साठीत निघतात. हज कमिटीमार्फतचा प्रवास साधारण ४० दिवसांचा असतो. ज्याने तीस-तीस वर्षे दुकान एकहाती चालवले, तो एकदम ४० दिवस गैरहजर राहणार असतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, बॅग नंतर भरावी, वही आधी पुरी करावी.

हज फर्ज आहे तो ऐपत असलेल्यावर. देणे फेडून आणि आपण परत येईपर्यंत घरचा खर्च बाजूला काढून जे उरते, ती ऐपत. लहान व्यापाऱ्याची अडचण अशी की त्याची अर्धी उधारी वहीत असते आणि अर्धी डोक्यात. या वयात परदेशी आजारपण आले, किंवा अल्लाहचे बोलावणे आले, तर डोक्यातला हिसाब कोण वाचणार? येणेकरी गप्प बसतात, देणेकरी मात्र दारात येतात, आणि बायकामुलांना खरेखोटे कळत नाही.

तेव्हा एक कोरी वही घ्यावी. एका बाजूला येणे, दुसऱ्या बाजूला देणे, नाव, रक्कम आणि तारखेसह लिहावे. मोठ्या येणेकऱ्याकडून बाकी कबूल असल्याची सही घ्यावी. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे मालाच्या उधारीचा दावा तीन वर्षांत करावा लागतो. मुदत संपण्याआधी लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्याने मोजली जाते. दुसऱ्याचे सूत, ताके किंवा शिवायला आलेले कापड आपल्याकडे असेल तर ती अमानत आहे; प्रत्येक गठ्ठ्यावर मालकाच्या नावाची चिठ्ठी लावावी. कारागिरांची मजुरी चुकती करावी आणि ४० दिवसांच्या मजुरीची सोय कोणाकडे आहे, ते त्यांना सांगून जावे. बायकोचे मेहर बाकी असेल तर तेही कर्जच आहे. वसीयत करायची असल्यास ती मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच करता येते, आणि वारसाच्या नावे केली तर बाकीच्या वारसांची संमती लागते.

आता चेकची गोष्ट. पुढच्या तारखांचे चेक देऊन निघून जाण्याची बाजारात सवय आहे. चेक परत गेला आणि १३८ कलमाची नोटीस आली, तर नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात. आपण ४० दिवस बाहेर. तेव्हा अशा चेकांच्या तारखा आणि रकमा मुलाला किंवा भावाला लिहून द्याव्यात आणि दुकानावर येणारे टपाल रोज उघडायला सांगावे. सही केलेले कोरे चेक मात्र कोणाच्या हाती ठेवू नयेत. त्यापेक्षा बँकेत जोडखाते करावे किंवा वकिलाकडून मर्यादित कामांचे मुखत्यारपत्र करून घ्यावे. बँकेचा आणि जीएसटीचा ओटीपी आपल्याच मोबाइलवर येतो, हेही ध्यानात ठेवावे. रोमिंग आधीच सुरू करावे, आणि विवरणपत्र कोण भरणार ते हिसाबनीसाशी बोलून ठरवावे. धंदा बंद असला तरी शून्याचे विवरणपत्र भरावेच लागते.

एवढे झाले की बॅग काढावी. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला जहाज जात असे. त्या काळातील बुजुर्ग पेटीभर शिधा घेऊन जात, आणि तीच सवय अजून घराघरांत आहे. विमानात वजन ठरलेले असते. हज कमिटीच्या परिपत्रकात जेवढे लिहिले असेल त्याहून दोन किलो कमीच भरावे आणि घरीच काट्यावर तोलून पाहावे. खसखस अजिबात नेऊ नये. सौदी अरबस्तानात ती अमली पदार्थांत मोडते, आणि आपल्याकडे ती घरच्या मसाल्यात आणि डिंकाच्या लाडवात नकळत जाते. गुटखा-तंबाखूही घरीच ठेवावा.

एहरामच्या कापडाबद्दल आम्ही धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. कापड शुद्ध सुती घ्यावे. एक धागा काढून जाळून पाहावा : सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. दोन जोड न्यावेत, एक टॉवेलचा आणि एक साध्या सुती कापडाचा, कारण टॉवेलचे कापड घामाने भिजले की जड होते. नवे कापड दोन-तीनदा धुवावे, म्हणजे कांजी निघून ते अंगाला टोचत नाही. ज्यांचे विमान थेट जेद्दाला उतरते त्यांनी एहराम हातातल्या बॅगेत ठेवावा, कारण मीकात ओलांडण्यापूर्वी एहरामची नीयत करावी लागते. आधी मदिनेला जाणाऱ्यांना ही घाई नसते. विमानतळावर सर्व बॅगा सारख्याच दिसतात. नाव आणि कव्हर नंबर लिहून वर भडक रंगाच्या कापडाची पट्टी शिवून टाकावी.

औषधे पूर्ण मुदतीची घ्यावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण इथली कंपनीची नावे तिथे मिळतीलच असे नाही. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच न्यावे. मेंदूज्वराची लस सक्तीची आहे. तिचा दाखला पासपोर्टसोबत असावा.

शेवटी पायांची तयारी. सफा-मरवाच्या सात फेऱ्याच तीन किलोमीटरहून थोड्या जास्त भरतात. मिना, अरफात आणि मुजदलिफाचे चालणे वेगळेच. गादीवर बसून वर्षे काढलेल्या माणसाने दोन महिने आधीपासून फजरनंतर रोज चालावे, आणि तेही तिथे घालायच्याच चपला घालून. नव्या चपलेने आलेला फोड मधुमेहाच्या माणसाला महागात पडतो. उन्हाला हलके समजू नये. २०२४ च्या जूनमध्ये मक्केत पारा ५० अंशांवर गेला आणि सौदी सरकारच्या आकड्याप्रमाणे १३०१ यात्रेकरू मरण पावले. त्यांतले बहुतेक विनापरवाना गेलेले होते, ज्यांना तंबूचा आसरा नव्हता. स्वस्तात नेणाऱ्या दलालाच्या नादी लागू नये. फिकट रंगाची छत्री आणि क्षार-साखरेची पाकिटे जवळ ठेवावीत.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात बाजारात एक फेरी मारावी. ज्यांच्याशी देण्याघेण्यावरून बोलाचाली झाली असेल त्यांना भेटून माफी मागावी आणि द्यावी. मग त्या वहीची एक प्रत घरी आणि एक भरवशाच्या माणसाकडे ठेवून निघावे.