टेबलामागची खाकी

मुद्देमाल कारकुनाची बदली झाली, की पोलीस ठाण्यातल्या एका अंधाऱ्या खोलीचं कुलूप आठ-पंधरा दिवस रोज उघडतं. जुना कारकून रजिस्टरातला गुन्ह्याचा नंबर वाचतो आणि नवा मांडणीवरचं पुडकं शोधतो. कापडात शिवून लाखेचं सील मारलेला कोयता असतो. पंचांच्या सह्यांची चिठ्ठी वाळवीनं अर्धी खाल्लेली असते. देशी दारूच्या बाटल्यांची बुचं शाबूत असतात, आतली दारू मात्र कधीच उडून गेलेली. बाहेर आवारात मोटारसायकली एकमेकींच्या अंगावर कलंडून गंजत असतात, त्यांचे चासी नंबर काच पेपरनं घासून वाचावे लागतात. एका तालुक्याच्या ठाण्यात ही अदलाबदल बघत मी तासभर उभा होतो. चार्ज देणाऱ्या हवालदारांना विचारलं, ‘‘ट्रेनिंगला हे शिकवतात का हो?’’ ते हसले. ‘‘ट्रेनिंगला रायफल खोलायला शिकवली, साहेब. इथं सात वर्षं सुतळी सोडतोय.’’

कारकून म्हणायचं, पण हा माणूस पोलीस आहे. धावून, गोळाफेक करून, लेखी परीक्षा देऊन भरती झालेला. ठाण्यात असे तो एकटाच नसतो. ड्युट्या लावणारा हजेरी मेजर, आवक-जावक टपाल सांभाळणारा बारनिशीवाला, क्राइम रायटर, समन्स-वॉरंटचा हिशेब ठेवणारा, कोर्टाच्या पैरवीला जाणारा, गुन्ह्यांच्या नोंदींच्या ‘सीसीटीएनएस’ प्रणालीच्या संगणकावर बसणारा, वायरलेसवाला, असे किती तरी असतात. त्यांतून रजेवरचे, आजारी आणि बंदोबस्ताला गेलेले वजा करा. रात्री तुमच्या गल्लीत गस्तीचा बीट मार्शल का दिसत नाही, त्याचं निम्मं उत्तर या वजाबाकीत सापडेल.

उरलेलं निम्मं उत्तर रिक्त पदांचं. पोलीस संशोधन व विकास ब्यूरोच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या आरंभी देशात लाख लोकांमागे १९६ पोलिसांची पदं मंजूर होती. प्रत्यक्षात माणसं होती १५३ च्या आसपास. याच ब्यूरोसाठी हैदराबादच्या अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजनं २०१४ मध्ये देशभरातल्या ठाण्यांची पाहणी केली होती. ठाण्यांतले सुमारे ९० टक्के कर्मचारी दिवसाला आठ तासांहून अधिक राबत होते. मुंबईत देवनार ठाण्यातल्या एका शिपायानं आठ तासांच्या पाळ्यांचं गणित स्वतः मांडलं, वरिष्ठांपुढे ठेवलं आणि मे २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर पोलीस आयुक्त असताना तिथं ते राबवूनही पाहिलं गेलं. पुढं ते शहरभर नेण्यात आलं. मला या प्रकरणाचं अप्रूप वाटतं. आपल्या खात्यात वरून खाली आलेल्या योजना पुष्कळ. शिपायाच्या वहीतून वर गेलेली ही विरळा.

कागद मात्र वाढतच चालला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाला घटनास्थळी बोलावणं आलं, तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवणं आलं. यातली एकही तरतूद वाईट नाही. पण प्रत्येकीच्या शेपटाला एक नोंद, एक अपलोड आणि एक पोहोच बांधलेली आहे, आणि ती करणारा माणूस खाकीतलाच आहे.

मग दरवेळी एक उपाय पुढं येतो, तो म्हणजे स्वयंसेवकांचं राखीव पोलीस दल उभारायचं. हा उपाय नवा नाही. भारतात तो पहिल्यांदा मुंबईतच केला गेला. १९४६ हे दंगलींचं वर्ष होतं. मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई होते. पोलीस अपुरे पडत होते. ६ डिसेंबर १९४६ ला होमगार्डची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबई होमगार्ड अधिनियम आला. कल्पना साधी होती. दिवसा आपापला धंदा-नोकरी करणारा नागरिक संध्याकाळी कवायत शिकेल आणि शहरावर प्रसंग आला, की गणवेश चढवून पोलिसांच्या खांद्याला खांदा लावेल. बोलावणं आल्यावर त्याला पोलिसासारखे अधिकार आणि संरक्षण मिळेल. ब्रीदवाक्य ठेवलं ‘निष्काम सेवा’. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्रानं राज्याराज्यांतल्या विखुरलेल्या स्वयंसेवी संघटना याच नावाखाली आणायला सांगितलं. आज देशभर होमगार्डचा स्थापना दिवस साजरा होतो तो मुंबईच्याच तारखेला.

आता गणपती विसर्जनाच्या रात्री दोरी धरून उभ्या असलेल्या होमगार्डशी दोन मिनिटं बोलून बघा. ‘दिवसा काय करता?’ असं विचारलं, तर वकिली किंवा दुकानदारी असं उत्तर क्वचितच येईल. बहुधा तो शेतमजुरी करत असतो, रिक्षा चालवत असतो, किंवा पोलीस भरतीची तयारी करत असतो, कारण भरतीत होमगार्डला पाच टक्के समांतर आरक्षण आहे. ‘बंदोबस्त कधी लागतो?’ हा त्याच्या दृष्टीनं सेवेचा प्रश्न उरलेला नाही, महिन्याच्या किराण्याचा आहे. निवडणूक आली की बरं, असं एकानं मला सरळ सांगितलं.

कायदा त्याला अजून स्वयंसेवकच म्हणतो. म्हणूनच त्याला पगार नाही, मानधन आहे, निवृत्तिवेतन नाही. हिमाचलच्या होमगार्डांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्याचा निकाल मार्च २०१५ मध्ये लागला. त्यांना कायम करता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. पण कर्तव्य भत्ता असा द्या, की महिन्याचे तीस दिवस धरले तर पोलिसाच्या किमान वेतनाइतकी रक्कम व्हावी, हेही बजावलं. महाराष्ट्रानं ऑक्टोबर २०२४ पासून हा भत्ता दिवसाला ५७० रुपयांवरून १,०८३ रुपयांवर नेला. तीस दिवसांचे ३२,४९० होतात. हिशेब कागदावर चोख आहे. मात्र तीसही दिवस काम मिळण्याची हमी त्यात कुठंच नाही.

स्वयंसेवक पोलिसाचं मूळ घर इंग्लंड. तिथल्या स्पेशल कॉन्स्टेबलला १८३१ च्या कायद्यानं आधार दिला. एप्रिल १८४८ मध्ये मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीच्या लंडनमधल्या सभेच्या वेळी शपथ दिलेल्या हजारो हंगामी कॉन्स्टेबलांत लुई नेपोलियन होता, पुढं फ्रान्सचा सम्राट झालेला तोच. तेव्हा तो लंडनमध्ये परागंदा होऊन राहत होता. आजच्या स्पेशलला पूर्ण पोलिसाचे अधिकार असतात, महिन्याला साधारण सोळा तास द्यावे लागतात आणि पगार मिळत नाही. तो बँकेत किंवा शाळेत नोकरी करतो आणि शनिवारी रात्री गस्तीवर जातो. म्हणजे मोरारजींच्या मनातला होमगार्ड तो हाच. पण तिथंही ओहोटी लागली आहे. २०१२ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये वीस हजारांवर असलेले स्पेशल दहा वर्षांत निम्म्याहून कमी झाले. पोट भरल्यावर जो वेळ उरतो त्यावर ही व्यवस्था चालते, आणि तो वेळच आटतो आहे.

अपुऱ्या प्रशिक्षणानं काय होतं, ते दोन ठिकाणी दिसलं. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा इथं एप्रिल २०१५ मध्ये ७३ वर्षांच्या स्वयंसेवक डेप्युटीनं विजेचा झटका देणारं टेझर समजून पिस्तूल चालवलं आणि जमिनीवर दाबून धरलेला निःशस्त्र माणूस मेला. आपल्याकडची गोष्ट याहून भीषण आहे. छत्तीसगडमध्ये जेमतेम शिकलेल्या आदिवासी तरुणांना महिना तीन हजार रुपयांवर विशेष पोलीस अधिकारी करून नक्षलवाद्यांच्या तोंडी दिलं गेलं. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. शेजारच्या गडचिरोलीतल्या नक्षलविरोधी सी-६० पथकातही स्थानिक तरुणच आहेत, पण ते रीतसर भरती झालेले, पगारी पोलीस आहेत.

तेव्हा राखीव दल जरूर असावं. गर्दी, पूर, जत्रा, मतदान यांसाठी. त्यानं टेबल मात्र मोकळं होत नाही. स्वयंसेवकाला टेबलावर बसवा, असं सुचवणारेही भेटतात. पण ठाण्याच्या टेबलावर शेजारणीच्या कौटुंबिक छळाची तक्रार असते, पीडितेचं नाव असतं, खबऱ्याचा नंबर असतो. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या, त्याच गावात राहणाऱ्या माणसाच्या हाती ते देता येत नाही. आणि जुलै २०२३ मध्ये मुंबई पोलिसांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान कंत्राटी तत्त्वावर घ्यायला मंजुरी मिळाली, तशी वाट धरली तर स्वयंसेवाही नाही आणि नोकरीही नाही, अशी तिसरीच जमात तयार होते.

टेबल मोकळं करायचा मार्ग रुक्ष आहे, म्हणून त्याची घोषणा होत नाही. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात लिपिक आहेतच. पगार बिलं, सेवापुस्तकं, पत्रव्यवहार बिनखाकीची माणसंच बघतात. तीच साखळी ठाण्यापर्यंत आणायची. फिर्याद नोंदवणं, जबाब, पंचनामा, केस डायरी ही कामं पोलिसाचीच राहतील. अमली पदार्थांचा ताबा एनडीपीएस कायद्याच्या कलम ५५ नं ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडेच ठेवला आहे, तोही राहील. पण बारनिशी, हजेरी, समन्सचं रजिस्टर, संगणकावरच्या नोंदी, मुद्देमालाची मांडणी यांना गोळाफेक लागत नाही. ‘कोर्टात साक्ष कोण देणार?’ हा ठाण्यातला नेहमीचा आक्षेप. लिपिकही देऊ शकतो. कायद्यानं साक्षीदाराला गणवेश सांगितलेला नाही.

एक धोका मात्र आहे. इंग्लंडनं १९८० च्या दशकापासून अशी कामं नागरी कर्मचाऱ्यांकडे सोपवली. २०१० नंतर काटकसर आली तेव्हा आधी कात्री लागली ती याच लोकांना. पुढं २०१९ ते २०२३ मध्ये वीस हजार पोलीस वाढवण्याची मोहीम झाली, आणि नव्यानं वाढलेले काही पोलीस रिकाम्या झालेल्या त्याच टेबलांवर जाऊन बसले. पोलिसांची संख्या मथळ्यात शोभते, लिपिकांची शोभत नाही.

महाराष्ट्रातही भरतीची जाहिरात निघते तेव्हा शिपायांचाच आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो. पुढच्या वेळी ठाण्यासाठी लिपिकांची जाहिरात आधी निघावी आणि होमगार्डची नोंदणी तिच्यानंतर व्हावी.