गुत्त्याचा मालक कोण?

विलायतेतील एखाद्या जुन्या पबचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याला एक सोय आयती लाभलेली असते. मद्यालयांचे परवाने १५५२ च्या कायद्यापासूनच स्थानिक न्यायाधिकाऱ्यांच्या हाती गेल्यामुळे, आणि परवानाधारकाचे नाव दारावर रंगविण्याची सक्तीही पुढे दीर्घकाळ राहिल्यामुळे, बापामागून लेक व नवऱ्यामागून विधवा अशी मालकांची वंशावळ त्याला सहज जुळविता येते. पुणे जिल्ह्यातील बारामती-इंदापुरात असा उद्योग करू जाणाऱ्याच्या हाती मात्र मालकाऐवजी सरकारच लागते.

सरकारच्या या मालकीतील विसंगती इंदापुराइतकी अन्यत्र क्वचितच दिसेल. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी याच तालुक्यात जमिनीची मोजणी व प्रतबंदी करून तीस वर्षांचा धारा ठरविला, आणि कुळाचे नाव दप्तरात पक्के केले. जी पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली, तिचा आरंभ येथला. शेतकऱ्याला तीस वर्षांची शाश्वती देणारे हेच सरकार दारूच्या बाबतीत मक्त्याचा व्यवहार करी. १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळण्याचा अधिकार नियंत्रणाखाली आणून विक्रीचे मक्ते दिले जाऊ लागल्यावर, बोली जिंकणारा मक्तेदार मुदतीपुरताच धनी ठरला. ज्याला मुदत संपण्यापूर्वी बोलीची रक्कम वसूल करावयाची, तो गिऱ्हाईकाच्या प्रकृतीची चिंता कशाला वाहील? महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुण्याच्या नगरपालिकेकडे गुत्त्यांबद्दल तक्रार केली, आणि १९०८ मध्ये पुण्यातील दारूच्या दुकानांवर निरोधन (पिकेटिंग) झाले, त्यामागे हे अर्थशास्त्र होतेच.

कवी मोरोपंतांना आश्रय देणाऱ्या बाबूजी नाईकांचा वाडा बारामतीला अभिमानाने दाखविला जातो. गुत्तेदाराची आठवण मात्र कोणी जपावी, अशी अपेक्षा करणेही विनोदाचे होईल. नीरेच्या डाव्या कालव्याने ऊस आला, वालचंदनगरसारखे साखर कारखाने आले, आणि साखरेबरोबर मळी आली, जिच्यापासून मद्यार्क निघतो. पण एप्रिल १९५० मध्ये सबंध मुंबई राज्यात दारूबंदी लागू होऊन दुकानांची दारे मिटली, आणि व्यवहार हातभट्टीच्या आडवाटेला लागला.

बंदी शिथिल झाल्यावर जे परतले ते ‘परमिट रूम’ या नावाने, आणि येथे तर विलायती रीत पार उलटी झाली. तिकडे पाजणाऱ्याचे नाव दारावर, इकडे पिणाऱ्याचे नाव परवान्यावर, आणि तोही प्रकृतीच्या जपणुकीसाठी! परमिट रूम चालविणाऱ्याच्या डोक्यावर आता आणखी एक धनी आहे. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे विहित संख्येने मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घ्यावे लागते, आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी ‘आडवी बाटली’, म्हणजे बंदी, पसंत केल्यास त्याला कुलूप लावावे लागते. त्या मतपेटीपुढे सर्वाधिक उत्साहाने रांग लावतात त्या पिणाऱ्यांच्या घरातल्या बायका.