सायलेन्सरमधून पाणी टपकतंय, म्हणजे इंजिन गेलं का?

डिसेंबरात नाशिकला घरी गेलो तर बाबा काळजीत होते. सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून पाणी टपकायचं, मागे पांढरा धूर दिसायचा. शेजारच्या काकांचं मत, "हा सगळा ई-२० पेट्रोलचा प्रताप." गॅरेजवाल्याने तर निकालच दिला होता, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." खर्च वीस हजारांच्या पुढे. बाबा मला म्हणाले, "तू केमिस्ट्रीत पीएचडी करतोस ना? मग सांग, हे पाणी येतं कुठून?"

पेट्रोलमधून. पण पेट्रोलमध्ये पाणी मिसळलेलं असतं म्हणून नाही, तर ते जळताना पाणी तयार होतं म्हणून. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण आहे. हिशोबासाठी ऑक्टेन धरू. त्याच्या एका रेणूत ८ कार्बन आणि १८ हायड्रोजन. पूर्ण जळाला की कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे ९ रेणू मिळतात. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनमागे १६२ ग्रॅम पाणी! वस्तुमान वाढलं कसं? हवेतला ऑक्सिजन त्यात आला. एक लिटर पेट्रोल साधारण ७४० ग्रॅम भरतं, त्यापासून जवळजवळ एक लिटर पाणी बनतं. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा दोनदा तपासला होता.

काकांच्या इथेनॉलचंही बघू. त्याच्या ४६ ग्रॅममधून ५४ ग्रॅम पाणी मिळतं, म्हणजे लिटरमागे साधारण ९३० ग्रॅम. जवळजवळ पेट्रोलइतकंच! ई-२० बद्दल इतर तक्रारी असतील, पण हे थेंब त्याच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

मग हे पाणी एरवी दिसत का नाही? धुरात साधारण १४ टक्के रेणू पाण्याचे असतात. एवढी वाफ असलेला वायू ५३ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड झाला की पाणी सुटू लागतं. थंडीतल्या सकाळी पाइप १०-१२ अंशांवर असतो, तेव्हा वाफ आतल्या भिंतीवरच थिजते, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर थेंब जमतात तशी. पाइप तापला की वाफ वाफच राहून बाहेर पडते. (सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. त्यात कार्बनच्या मानाने हायड्रोजन जास्त, म्हणून त्या गाड्या जास्तच टपकतात.) हे पाणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बनवतो असंही सांगितलं जातं. थोडं बनतं तिथे, पण बहुतेक सगळं आधी सिलिंडरमध्येच तयार झालेलं असतं.

हे ऐकून बाबांना बरं वाटलं, पण मला नाही. कारण गॅस्केट गेलं तरी पाणी टपकतंच. गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील. ते फाटलं तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं आणि वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघतं. म्हणजे दोन्ही स्पष्टीकरणांतून थेंब पडणारच. मग नुसते थेंब बघून गॅरेजवाला इंजिन खोलायला निघाला तो चूक, आणि नुसतं समीकरण मांडून मी निश्चिंत झालो असतो तर मीही चूकच.

पहिला प्रयोग मी घाईत केला. थेंब वाटीत धरले. हिरवा रंग नाही, काचेवर वाळवले तर चिकट थर नाही, म्हणून खूश झालो. रात्री लक्षात आलं की सिलिंडरमध्ये शिरलेलं ग्लायकॉल जळूनही जाऊ शकतं आणि रंग तर टिकणारच नाही. म्हणजे गॅस्केट फाटलेलं असतं तरी कदाचित हेच दिसलं असतं! (चव घेऊन बघू नका, ग्लायकॉल विषारी असतं.)

मग उलटा विचार केला: दोन स्पष्टीकरणं कुठे वेगळी बोलतात? गॅस्केट फाटलं असेल तर कूलंट कमी होत जाईल. कूलंटच्या टाकीवर मार्कर पेनने रेघ मारली आणि आठ दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी बघितली. हलली नाही. दुसरं, गाडी पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर चालूच राहील. त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो, पहिल्या काही किलोमीटरनंतर धूर गायब. पण गळती अगदी बारीक असेल तर आठ दिवसांत रेघेवर कळणारही नाही. म्हणून तिसरी चाचणी दुसऱ्या गॅरेजमध्ये करून घेतली. कूलंटच्या वरची हवा एका निळ्या द्रावणातून ओढतात. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये घुसत असेल तर द्रावण पिवळं पडतं. ते द्रावण ब्रोमोथायमॉल ब्लूचं, आपल्या प्रयोगशाळेतलंच! निळं ते निळंच राहिलं.

इंजिन वाचलं. पण त्याच गॅरेजमध्ये गाडी वर उचलली तेव्हा सायलेन्सरची खालची बाजू गंजलेली दिसली. बाबा रोज भाजी आणायला दोन किलोमीटर जातात आणि परत येतात. पाइप पुरता तापतच नाही, पाणी आत साचून राहतं. तिथे तेवढा तुकडा वेल्डिंग करून घेतला. आता रविवारी बाबा गाडी थोडी लांबवर फिरवून आणतात. टाकीवरची रेघ मात्र त्यांनी पुसू दिली नाही.